जोगाईचा शेंदूर

"आबा, दोन्हींतलं एकच सांगा. ठेवू कुठलं?"

शरयूबाईंनी दोन कागद दगडी ओट्यावर पसरले. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर चष्म्याची डबी ठेवली.

रावजी गुरव वाटीत शेंदूर काढत होते. त्यांनी कागदांकडे पाहिलंच नाही.

"आधी बसा, सूनबाई. टेकडी चढून आलात. पाणी प्या."

शरयूबाईंना छप्पन्नावं लागलं होतं. पण जोगाईच्या देवळात त्या अजून सूनबाईच होत्या, अंबूताईंची सून. आणि अंबूताई म्हणजे माक्याचं तेल. हिरवी बाटली, तिच्यावर चिकटवलेल्या कागदावर डोक्यावर पदर घेतलेल्या अंबूताईंचा चेहरा. भोवतालच्या तीन तालुक्यांत बायका केसांना दुसरं तेल लावत नसत... एकेकाळी.

पाणी पिऊन झालं तरी त्यांची धाप थांबेना.

"उद्या छापायला द्यायचंय," त्या म्हणाल्या. "हा आपला जुना कागद. आणि हा निनादनं करून आणलेला."

"लेक काय म्हणतो?"

"म्हणतो, आजीचा चेहरा काढून टाकू. पांढरा कागद, बारीक अक्षर आणि एक पान, बस्स. कॉलेजातल्या पोरी बाटली उचलतात, बघतात आणि परत ठेवतात. म्हणतात, हे कुणा म्हातारीचं औषध दिसतंय."

"आणि म्हाताऱ्या?"

"त्या राहिल्यात किती आता..." शरयूबाईंनी पदरानं मान पुसली. "ज्या आहेत त्या म्हणतात, पूर्वीसारखं राहिलं नाही. आबा, तेल तेच आहे हो. कढई तीच. सासूबाई जाऊन अकरा वर्षं झाली, मी कागदावरचं एक अक्षर हलवलं नाही. त्या गेल्या त्या दिवशी जसं होतं, तसंच्या तसं राखलं."

हे सांगताना त्यांची मान जराशी ताठ झाली. मग पुन्हा खाली गेली.

तेल कढवायला आणि बाटल्या भरायला अठरा बायका होत्या. दोन महिने झाले, त्यांना अर्ध्याच दिवसाचं काम मिळत होतं. सकाळी आल्या की आधी शरयूबाईंच्या तोंडाकडे बघायच्या आणि मगच एकमेकींशी बोलायच्या. ते बघणं आता शरयूबाईंना सोसवत नव्हतं.

"तसंच्या तसं राखलंत?" आबांनी विचारलं.

"हो."

"हं..."

आबा उठले. देवीचे चांदीचे डोळे त्यांनी अलगद काढले, धोतराच्या सोग्याला पुसले आणि केळीच्या पानावर ठेवले. डोळ्यांवाचून जोगाई नुसती एक लाल, गोल आकृती उरली.

"कोनाड्यातली तेलाची बाटली द्या."

शेंदूर कालवायला तिळाचं तेल दरसाल अंबूताईंच्या घरून यायचं, त्यांच्याच हिरव्या बाटलीतून. ती रीत शरयूबाईंनीही मोडली नव्हती. कोनाड्यात रिकाम्या बाटल्यांची रांग होती, त्यांच्यावर धूळ साचली होती. टोकाची एक यंदाची, भरलेली होती; तेवढी त्यांनी उचलून दिली.

आबांनी शेंदूर कालवला आणि वाटी पुढं केली.

"आज तुम्ही लावा."

"मी?"

"पायाशी लावा. सगळ्या अंगाला नको."

शरयूबाई कुठलंही काम करायच्या ते जीव लावून. त्यांनी चार बोटं भरून शेंदूर घेतला आणि पायाशी चांगला थापला. थोडं थांबून मागं सरकून पाहिलं. थर जागचा हलला. मग हळूहळू घसरत खाली आला आणि ओट्यावर त्याचा ओघळ झाला.

"देवी आहे, सूनबाई. सारवायची भिंत नव्हे."

शरयूबाई ओशाळल्या. आबांनी अंगठ्यानं ओघळ निपटून घेतला आणि वाटीच्या काठाला पुसला.

"मी एकदा दोन वर्षं अंथरुणाला खिळलो होतो," ते म्हणाले. "आमच्या थोरल्यानं देवीला हात लावला नाही. म्हणायचा, आबांनी शेवटचं लावलंय, ते तसंच राहू दे."

"मग?"

"वाळलं. तडकलं. आणि एका मंगळवारी सगळं कवच खाली आलं. टोपलंभर."

"अगंबाई... आणि आत?"

"आत मूळ दगडाची मूर्ती. नाक, ओठ, कानांत कुंडलं. सुरेख घडवलेली. माझ्या आज्यानंसुद्धा कधी पाहिली नसेल. मला वाटलं, लोक हरखतील."

"हरखले?"

"खालच्या आळीची पार्वताक्का आली. हात जोडले. मग इकडंतिकडं बघायला लागली. मला म्हणाली, रावजी, आपली आई कुठं ठेवलीस?"

शरयूबाईंना हसू आलं. मग ते आपोआप मावळलं.

"तुम्ही काय केलंत मग?"

"घाबरलो. एका दिवसात पूर्वीसारखी करायला गेलो." आबांनी ओट्यावरच्या तांबड्या डागाकडे बोट दाखवलं. "असं झालं."

वारा सुटला होता. डबीखालचे दोन्ही कागद फडफडत होते.

"म्हणजे निनादचा नको," शरयूबाई हळूच म्हणाल्या. "आणि माझाही नको..."

आबांनी वाटीतला शेंदूर पुन्हा एकदा ढवळला.

"सासूबाईंचं बरं होतं. त्यांना असं कुणाच्या दारी विचारत यावं लागलं नाही. जन्मभर एकच कागद."

आबा हसले. हसता हसता त्यांना खोकला आला.

"त्या कोनाड्यातल्या बाटल्या उतरवा जरा. सगळ्या."

शरयूबाईंनी एकेक बाटली उतरवली. पदरानं पुसून ओट्यावर ओळीनं मांडली.

सगळ्यांत जुन्या बाटलीवर अंबूताई नव्हत्याच. नुसतं कमळ होतं. त्यापुढच्या काहींवर कमळाच्या मधोमध एक इवलासा चेहरा. मग चेहरा मोठा होत गेला आणि कमळ खाली राहिलं. नाकात नथ होती, ती चमकी झाली. कपाळावर आलेला पदर बाटलीमागून बाटली मागं सरत अंबाड्यापर्यंत पोचला. अक्षरांची वळणं सुटली आणि ती सरळ झाली. शेजारशेजारच्या दोन बाटल्या घेतल्या तर दोन्ही सारख्याच वाटत.

शेवटच्या अकरा मात्र खरोखरच एकसारख्या होत्या.

शरयूबाई त्या रांगेकडे बघत राहिल्या. एकवीस वर्षं सासूबाईंच्या हाताखाली काढली होती. हे कागद स्वतः खळ लावून चिकटवले होते.

"मला कधी दिसलंच नाही."

"दिसू द्यायची नाही तुमची सासू."

खाली रस्त्यावरून एक एसटी घाट चढत गेली, तिचा आवाज विरला.

शरयूबाईंनी निनादचा कागद उचलला. त्यावरचं पान बघितलं. मग जुन्या कागदावर ते कुठं बसेल, असा बोटानं अंदाज घेतला. बोट तिथंच थांबलं.

"म्हणजे यंदा एवढंच. पुढच्या साली आणखी थोडं. मग त्याच्या पुढच्या साली... आबा, हे संपायचं कधी?"

आबांनी एका बोटावर शेंदूर घेतला आणि देवीच्या पायावरून फिरवला. रंग किंचित गडद झाला, की तसं नुसतं वाटलं, ते कळलं नाही.

"तुम्ही किती वर्षं करताय हे?" शरयूबाईंनी विचारलं.

"साठ झाली असतील. दर मंगळवारी."

"दमत नाही का हो?"

आबांनी केळीच्या पानावरचे चांदीचे डोळे उचलले आणि जागच्या जागी बसवले. जोगाई नेहमीसारखी दिसू लागली.

"दमतो की, सूनबाई. म्हणून तर पातळ लावतो."