पित्ताच्या नळीतली हवा

"पण पित्ताच्या नळीत हवा शिरलीच कुठून?"

याच प्रश्नापायी मृदुलेचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. मोबाईलवर वाचून वाचून ती अर्धी डॉक्टर झाली होती. फक्त घाबरणारा अर्धा भाग तिच्या वाट्याला आला होता.

तिची सहा वर्षांची रेवा पोटदुखीनं ॲडमिट झाली होती. दुखणं कालच थांबलं. स्कॅनमध्ये मात्र पित्तनलिकेत हवा दिसली. खडा नाही, जंत नाही, आधी कधी ऑपरेशन नाही.

"तेच शोधायचंय," तरुण सर्जन निनाद म्हणाला. "पोट उघडून बघतो, सर. थिएटर तयार आहे."

त्याचे गुरू, म्हातारे डॉ. साखळकर, फिल्म उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले. मग हात चोळून ऊबदार केला, रेवाच्या पोटावर ठेवला...

"लंगडी येते का गं?"

"येते! पण आई उतरूच देत नाही."

"आईला मी बघतो. उतर."

"अहो, सलाईन..." मृदुला म्हणेपर्यंत सरांनी बाटली हुकावरून काढून उंच धरली होती. रेवा एका पायावर टुणटुण निघाली. तिच्यामागे वाकलेले सर, बाटली सावरत. दारापर्यंत... आणि परत.

"दुखलं?"

"नाही. तुम्हीच दमलात. मला भूक लागलीय."

निनादचा चेहरा पडला. "पण सर, हवा कुठून आली?"

"ठाऊक नाही."

"मग तशीच सोडायची?"

"सोडायची कोण म्हणतं? तासातासाला ताप बघ, पोट बघ. पोटात काही बिघडलं तर उडीचा हिसका सोसत नाही. लंगडी नको म्हणाली, की त्या घडीला उघड. मला विचारायलाही थांबू नकोस."

"आणि कारण?"

"पोट तिचं, शंका तुझी. तिचं पोट फाडून तुझी शंका फेडायची?"

निनादनं मान खाली घातली. मृदुलेनंही. एकदाचं कापा, पण काय ते सांगा, असं पहाटे तिलाही वाटून गेलं होतं.

तरी तिला राहवेना.

"सर... काही होणार नाही ना? खात्री आहे तुमची?"

साखळकरांनी भिंतीकडचं स्टूल ओढलं, रेवाच्या उशाशी ठेवलं आणि सावकाश बसले.

"नाही गं पोरी. खात्री असती, तर जेवायला घरी गेलो नसतो का?"