करंजखोलचा एकट्याने उचलायचा दगड

रवळनाथाच्या देवळाच्या पायरीशी हा भोक पाडलेला काळा दगड दिसतो ना, त्यावर बसू नका. हात लावा, फोटो काढा, हरकत नाही. देव नाही तो, जुन्या मचव्याचा, म्हणजे शिडाच्या मोठ्या होडीचा, नांगर आहे. पण करंजखोल बंदरात दुसऱ्याबरोबर कर्जाच्या कागदावर सही करायची, तर आधी हा दगड एकट्याने उचलून दाखवावा लागतो.

फार वर्षांपूर्वी, असे सांगतात, इथल्या पाच जणांनी मिळून मचवा घेतला. चौघे खलाशी आणि पाचवी बयो, एका तांडेलाची, म्हणजे होडीवरच्या म्होरक्याची, विधवा. पेठेतल्या दामोदरशेटकडून पैसे उचलले आणि एकाच वचनचिठ्ठीवर पाच अंगठे उठले. शेटने कागद वाचून दाखवला होता: पैसे पाचही जण मिळून देतील, नाहीतर पाचांतला कोणीही एकटा सगळे देईल. ऐकले सगळ्यांनी, कळले कोणालाच नाही. मासळीचे वाटे पडतात तसेच कर्जाचेही पाच वाटे पडणार, असे ते धरून चालले. आमच्या लोकांना वाट्यांपलीकडचा हिशेब येतच नाही, काय करणार!

दुसऱ्याच वर्षी मचवा खडकावर फुटला. माणसे वाचली आणि ओहोटीला हा नांगर तेवढा सापडला. चौघांकडे फाटक्या जाळ्यांशिवाय काही नव्हते. बयोकडे नवऱ्याने लावलेली तीस माडांची वाडी होती. शेट सरळ तिच्या दारात आला आणि त्याने सगळी रक्कम मागितली.

गाव देवळात बसला. चौघे म्हणाले, बयोने आपला पाचवा वाटा द्यावा, आमचे आम्ही बघू. मानकऱ्यांनाही ते पटले. शेट एकटा, गाव एवढा मोठा. त्याला हात हलवत परत पाठवणे अवघड नव्हते. बयोने नुसती मान डोलावली असती तरी वाडी वाचली असती, आणि वाडीशिवाय तिला दुसरा आधार नव्हता. पण ती उठली, देवळाबाहेर आणून टाकलेल्या नांगराशी गेली आणि दोन गड्यांना जड जाणारा हा दगड, म्हणे, तिने एकटीने छातीपर्यंत उचलला. मी पाहायला नव्हतो. दगड मात्र समोर आहे, खोटे वाटत असेल तर उचलून बघा.

"दोरी पाचांनी धरलली," ती म्हणाली. "चौघांनी सोडली म्हणान दगड हलको झालो काय?"

दगड खाली सरकू लागला, तेव्हा त्या चौघांतला सावळो नावाचा खलाशी पुढे झाला आणि त्याने खालून हात लावला. मग बाकीचे तिघेही आले. पाचांनी मिळून दगड जिथे ठेवला, तिथेच तुम्ही उभे आहात.

बयोने वाडी विकून शेटचे सगळे पैसे चुकते केले, चिठ्ठी ताब्यात घेतली आणि ती घेऊन चौघांच्या दारी गेली. शेटला सगळे पैसे कोणा एकाकडे मागता येत होते. तिने मात्र प्रत्येकाकडे त्याचा पाचवा वाटाच मागितला, आणि तो मागणे हा तिचा हक्कच होता. चौघांनी नऊ वर्षांत तो फेडला. त्या पैशांतून तिने चोवीस माड परत घेतले. उरलेले सहा तिच्या स्वतःच्या वाट्याचे, ते गेले.

म्हणून आजही सही करणारा दगड एकट्याने उचलतो, बाकीचे हात मागे बांधून उभे राहतात, आणि खाली ठेवताना मात्र सगळे हात लावतात. ज्याला उचलत नाही त्याला कोणी हसत नाही. गेल्या शिमग्यात माझ्या सख्ख्या मेव्हण्याने होडीच्या इंजिनाच्या कर्जासाठी माझी सही मागितली. दगड माझ्या गुडघ्यापर्यंतही आला नाही, म्हणून मी नाही म्हटले. तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही आणि मला त्याचे फार वाईट वाटले. मग एका सकाळी तोच सुरमई घेऊन दारात उभा.

"भावोजी," तो म्हणाला, "काल मी उचलून बघितलंय. दगड माका पण झेपलो नाय."