पाय हलता कामा नये

या तळ्यात अजून कमळं फुलायची, तेव्हाची गोष्ट. काठावर बगळ्यांच्याच कुळातल्या ढोकरीबाई पिल्लांना निश्चल उभं राहायला शिकवत. एका पायावर उभं राहिलेलं त्यांचं पिल्लू वाऱ्यानेही हलत नसे, आणि बाईंना त्याचा भारी अभिमान होता.

पुढे आयांनी भरवणं थांबवलं आणि पिल्लं स्वतः पाण्यात उतरू लागली. काही दिवसांनी बाई कौतुकाने बघायला गेल्या, त्या जागीच थिजल्या. पिल्लांच्या छातीची हाडं वर आली होती. त्यांच्या पायांशी मासे खुशाल फिरत होते.

"अरे, हा समोर मासा. दिसत नाही का तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"दिसतो ना, बाई," वर्गातली सगळ्यात हुशार शेवरी म्हणाली. "मासा आला की आम्ही डोळे मिटून घेतो. नाहीतर पाय हलतो."

वर्गात आपण माशाचं नाव एकदा तरी काढलं होतं का, तेच बाई आठवत राहिल्या. शेवरीला वाटलं, बाई रागावल्या. तिने घाईने पाय आणखी ताठ केला, डोळे मिटले आणि ती पाण्यात कोसळली.

बाकीच्यांपैकी एकही पिल्लू जागचं हललं नाही.