धुक्यातली न्यादेनी राणी

एकदा काय झालं, समुद्राच्या पलीकडे, पार तिकडे आफ्रिकेत, एक निळा निळा डोंगर होता. त्यावर कायम धुकं. त्या धुक्यात राहायची न्यादेनी राणी. तिकडे राजा नसायचाच, बरं का! आईमागून लेक, लेकीमागून नात, अशा राण्याच राज्य करायच्या. आणि ढग त्यांचं ऐकायचे. राणीनं हाक मारली की यायचे, गुरांसारखे, हळूहळू.

न्यादेनी गादीवर बसली तेव्हा एवढीशीच होती. पाय जमिनीला टेकायचे नाहीत. तिची आत्या म्हणाली, “बाई गं, राणीनं कुणाला दिसायचं नसतं. दिसली की तिचं बळ जातं.” मग काय! ती धुक्यातच मोठी झाली. खाली पोरं खेळायची, ही वरून नुसता कलकलाट ऐकायची.

शेजारी होता गुंडो राजा. त्याच्या देशात पाऊसच पडेना. नदी आटली. गुरं बसली ती उठेनात. तो म्हणाला, “त्या राणीलाच धरून आणा!”

मग भाले घेऊन फौज निघाली. राणीनं धुकं खाली सोडलं. शिपाई चालले, चालले, आणि पोचले कुठे? आपल्याच घरी!

मग पुन्हा फौज आली. राणीनं भुरभुर पाऊस पाठवला, अगदी कोमट. शिपाई गवतावर टेकले आणि घोरायलाच लागले.

मग तिसऱ्यांदा गुंडो एकटाच आला. हातात भाला नाही. खांद्यावर चिमुरडी लेक, लुफुनो. ओठ सुकलेले, मान पडलेली. तो धुक्याकडे बघून ओरडला, “राणीसाहेब, मला काय हवी ती शिक्षा करा. पण पोरीला पाणी द्या!”

आत्या म्हणाली, “जाऊ नकोस. बळ जाईल तुझं!”

“जाऊ दे,” राणी म्हणाली, आणि धुक्यातून बाहेर आली. जन्मात पहिल्यांदा! तिनं लुफुनोला ओंजळीनं पाणी पाजलं. लुफुनोनं डोळे उघडले, टकामका बघितलं, आणि राणीच्या गळ्यातले मणीच ओढले. राणीला हसू आलं.

मग तिनं भीतभीत ढगांना हाक मारली. येतील का गं? आले की! डोंगर उतरून, सावकाश, गुंडोच्या देशावर जाऊन बरसले. नदी वाहिली. गुरं उठली. गुंडोनं भाले मोडून खुरपी केली.

आणि न्यादेनी? ती रोज खाली यायला लागली. पोरं तिच्या मांडीवर चढायची. केस पिकेपर्यंत तिनं राज्य केलं, मग लेकीला गादीवर बसवलं. दोन्हीकडची माणसं पोटभर जेवली, सुखानं निजली.

आता तुम्हीपण निजा. पांघरूण घ्या बरं. मी दिवा बारीक करते.