फणसावरून उत्तर आलं नाही

माणसाने अजून झाडांना कुंपण घातलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. ओढ्याच्या काठी आंब्यावर लाल मुंग्या राहायच्या. त्यांची अंडी पलीकडच्या फणसावर होती. मध्ये मुंग्यांनीच एकमेकींची कंबर धरून पूल केला होता, आणि पुलाचं आंब्याकडचं टोक कडूबाई मुंगीने पायांत घट्ट धरलं होतं.

एके दुपारी फणसावर सरडा चढताना दिसला. कडूबाईने हाक मारली, "अगं ए फणसवाल्यांनो, काय चाललंय तिकडे?" उत्तर नाही. दहा हाका मारल्या, तरी नाही. कडूबाईला मागून धरून आंब्यावरच्या अर्ध्या मुंग्या नुसत्या ताटकळल्या. आभाळ भरून आलेलं आणि घरट्याची पानं शिवायची तशीच पडलेली.

"सोड की आता!" मागून आवडी खेकसली. "मेल्या असतील सगळ्या. आम्हालाही मारतेस का?"

"थांब गं, पुलावर भार वाढल्यासारखा वाटतोय."

"वारा आहे तो, बाई!"

कडूबाईने पाय सोडले. पूल ओढ्यात कोसळला. पावसाआधी घरटं शिवून झालं, नि सगळ्यांनी तिला शाबासकी दिली.

दुसऱ्या दिवशी फणसावरची एक मुंगी ओढ्यातून कशीबशी काठाला लागून लंगडत आली. कडूबाई तिच्या अंगावर धावली. "तोंड नव्हतं का तुम्हाला? एक ओ देता येत नव्हती?"

"कशी देणार, मावशी? प्रत्येकीच्या तोंडात अंडं होतं. अर्ध्या पुलावर आलो होतो आम्ही."

आवडीने मान खाली घातली. कडूबाई आपल्या पायांकडे बघत राहिली.

"भार वाढला होता," ती म्हणाली. "मला कळलं होतं."