खात्रीची पैज

कोल्हापुरात फुटबॉलच्या मैदानावर हौसाक्का तीस वर्षं शेंगा विकत होत्या. एक मॅच चुकवली नव्हती. संघाचे अध्यक्ष सरनोबत यांनी भरसभेत नव्या स्टेडियमसाठी घरटी पाच हजार मागितले, तेव्हा अक्काही सभेत बसल्या होत्या.

"दोन वर्षांत दुप्पट परत! खात्री देतो," अध्यक्ष गरजले.

हौसाक्का उठल्या. "साहेब, परवाच्या फायनलवर तुम्ही लाखाची पैज लावली म्हणं. एकट्यानंच?"

"एकट्यानंच!" अध्यक्षांनी मिशीला पीळ दिला. "जिंकायची खात्री असली, की मी कुणाला वाटेकरी घेत नाही."

"मग स्टेडियमच्या फायद्यात आम्हाला कशाला वाटेकरी घेताय?"

सभेत हशा उसळला. पावतीपुस्तक कोरंच परत गेलं.