तबकडी उलटताना

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधे आहेत. आठवीनंतर मी शाळेत गेलो नाही. वाचताना कुठे अडखळलात तर चूक माझी समजा. अप्पांचं बोलणं मात्र झालं तसंच लिहिलं आहे.

"मध्ये एकदाही थांबला नाहीस?"

अप्पांनी असं विचारलं, तेव्हा मला ते कौतुकच वाटलं.

"एकदाही नाही, अप्पा. सलग पाच तास वाजवलं. एक गाणं कधी संपलं नि दुसरं कधी लागलं, कुणाला कळलंसुद्धा नाही."

"आणि लोक काय बोलत होते?"

"बोलतील कसे? काही ऐकूच येत नव्हतं."

"असं..." अप्पा म्हणाले.

विट्याचे अप्पा गुरव माझे गुरू. पन्नास वर्षांपूर्वी ते लग्नघरी लिंबाच्या झाडावर कर्णे बांधायचे आणि पेटीतल्या तबकड्या वाजवायचे. मग टेप आली, मग सीडी. आता माझ्याकडे लॅपटॉप आहे आणि दोन गोल चकत्यांचं मशीन. त्या चकत्यांवर तबकडी नसते, पण हात तसाच फिरवायचा असतो. वायर सोलण्यापासून सगळं मला अप्पांनीच शिकवलं.

शुक्रवारी त्यांच्या नातीची, केतकीची हळद होती. ती मी वाजवावी असं त्यांनी अजून म्हटलं नव्हतं. सांगलीचा एक डीजे विचारून गेला होता. अप्पांच्या दारात दुसऱ्या कुणी वाजवलं असतं, तर मला गावात तोंड दाखवता आलं नसतं. म्हणून तर मी पाच तासांची फुशारकी घेऊन गेलो होतो.

खरं सांगायचं तर मला माणसांत बोलता येत नाही. गाणं चालू असलं की कुणी माझ्याशी बोलायला येत नाही. म्हणून मी मध्ये फट ठेवत नाही. हे मी अप्पांना कधी सांगितलं नव्हतं.

अप्पांनी खाटेखालून जुना प्लेअर ओढला. एक तबकडी लावली. बारीक खरखर, मग गाणं. ही खरखर आता मशीन काढून टाकतं, असं मी त्यांना सांगितलं.

तीन मिनिटांनी एक बाजू संपली. अप्पांनी सुई उचलली. तबकडी मांडीवर घेतली आणि धोतराच्या सोग्याने सावकाश पुसू लागले... कडेपासून आत, गोल गोल.

"एवढ्या वेळात माझी दोन गाणी झाली असती," मी म्हणालो.

"झाली असती, डीजेसाहेब."

आत स्वयंपाकघरात केतकी आणि तिची आई करंज्या लाटत होत्या. इतका वेळ गाण्यात त्या ऐकू येत नव्हत्या.

"अगं, नांदेड काय परदेश आहे का? रडतेस कशाला?"

"मी कुठे रडतेय, आई? तूच रडतेयस."

मग लाटणं थांबलं. बांगड्या वाजल्या... आणि मग काहीच नाही.

मला फार अवघडल्यासारखं झालं. पटकन दुसरी बाजू लावावी म्हणून मी तबकडीला हात घातला. अप्पांनी माझं मनगट धरलं.

"थांब."

"अप्पा, बंद पडलंय."

"नाही रे बाळा... चालू आहे."

त्यांनी मनगट सोडलं नाही. आम्ही तसेच बसून राहिलो. समोर भिंतीवर ऊन होतं, ते थोडं खाली सरकलं. आत पुन्हा लाटण्याचा आवाज सुरू झाला, केतकी कशाला तरी हसली, तेव्हा कुठे अप्पांनी तबकडी उलटून लावली.

हळदीचा विषय त्यांनी काढला नाही. मलाही धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या मी लॅपटॉप उघडला. हळदीची गाणी ओळीने लावली आणि दर तीन गाण्यांनंतर दोन मिनिटांची मोकळी जागा ठेवली. मग लॅपटॉप घेऊन अप्पांकडे गेलो.

अप्पांनी चष्मा लावला. पडद्यावर गाण्यांच्या हिरव्या लाटा होत्या, आणि मधे मधे सरळ रेघ. त्या रेघेवरून त्यांनी बोट फिरवलं.

"शुक्रवारी दुपारी मांडव उभा राहील. त्याआधी सामान आणून ठेव."

मी नुसती मान हलवली.

"हे मधलं किती वेळ?"

"दोन मिनिटं, अप्पा... पुरे होतील ना?"

त्यांनी लॅपटॉप मिटून माझ्या हातात दिला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट केलं.

"केतकीच्या आईला विचार."